अठ्ठ्याण्णव चिंचोके

"मोजू नका!"

बंकटशी मी बोललेले हे पहिले शब्द. ओळख ना पाळख, थेट ओरडणं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. माजलगावच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची मेंढरं रस्ता ओलांडत होती. अलीकडे माझी स्कूटी, पलीकडे त्याची मोटारसायकल आणि मधून संथ वाहणारी लोकर. त्याच्या गाडीमागे बर्फाची निळी पेटी बांधलेली होती. तो हॉर्न वाजवत नव्हता, हे मला आवडलं. पण उजव्या हाताचं बोट तो एकेका मेंढीवर रोखत होता आणि त्याचे ओठ हलत होते… सव्वीस… सत्तावीस… अठ्ठावीस…

म्हणून मी ओरडले.

त्याचं बोट हवेतच थांबलं. "कावून?"

"जित्या मेंढरावर बोट ठेवून मोजत नाहीत. मोजली की कमी होतात."

"मी काय खाणार हाय का त्यांना?"

"ते तोंडावरून सांगता येत नाही."

तो हसला. हसताना आधी खाली बघितलं, मग माझ्याकडे. मधून एक मेंढा शांतपणे त्याच्या चाकाचा वास घेऊन गेला.

"मी जनावरांच्या दवाखान्यातून आलोय," तो मेंढरांच्या डोक्यावरून म्हणाला. "बंकट माझं नाव. लोक डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर न्हाई, पर्यवेक्षक. जूनमध्ये आंत्रविषाराची, कोवळ्या गवतानं व्हणाऱ्या रोगाची लस टोचायची हाय. आकडा दिल्याशिवाय वरून लस येत न्हाई. आता मोजायचं न्हाई म्हणलं तर आकडा आणू कुठून?"

"पिशवीतून."

"कंच्या?"

मग त्या रस्त्यावरच मी त्याला आमची पिशवी सांगितली. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, चिंचोके मोजतात. कोकरू जन्मलं की पिशवीत एक चिंचोका टाकायचा. मेंढरू विकलं, मेलं, लांडग्याने नेलं, की एक काढायचा. पिशवी कुठल्या एका मेंढीची नसते, सगळ्या कळपाची मिळून एकच असते. संक्रांतीला घोंगडीवर ओतून चिंचोके मोजायचे. चिंचोक्यांना नजर लागत नाही.

"मग किती हायत चिंचोके?"

"अठ्ठ्याण्णव," मी म्हणाले. "एकही इकडचा तिकडे नाही."

मी हे इतकं ठामपणे म्हणाले की त्याने खिशातून वही काढून लगेच लिहून घेतलं. "म्हणजे शंभर डोसची एक बाटली बास झाली. लई बरं झालं."

शेवटचं मेंढरू रस्त्याखाली उतरलं. त्याच्यामागे सटवाकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांची स्वतःची मेंढरं वेगळी; आमची ते तात्पुरती राखत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बंकटकडे, आणि काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

अठ्ठ्याण्णव हा आकडा माझा नव्हता, आबांचा, माझ्या वडिलांचा होता. संक्रांतीला आबांनी पिशवी ओतली, मी मोजलं, त्यांनी "बरं" म्हणून चिंचोके परत भरले. फेब्रुवारीत आबा गेले. त्यानंतर अकरा कोकरं जन्मली. पिशवी मात्र आबांच्या घोंगडीशेजारी खुंटीवर होती तशीच होती. हे मला माहीत होतं. तरीही तोंडातून अठ्ठ्याण्णव आलं.

*

पुण्यात सहा वर्षं नोकरी केल्यावर मी आईसाठी परत आले होते. माजलगावच्या आडत बाजारामागे, बियाण्याच्या दुकानावरच्या माडीवर मी प्रोग्रॅमिंगचा क्लास घेत होते. मुलं थोडी होती, पंखे तीन होते, त्यातला एक फिरायचा.

मेच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या सातच्या बॅचला मागच्या बाकावर बंकट बसलेला होता. ओले केस नीट विंचरलेले, वहीला नवीन कव्हर.

"तुम्ही?"

"तालुक्यातल्या समद्या मेंढरांची नोंद ठेवणारं ॲप करायचं हाय मला," तो म्हणाला. "कागद भिजतात, मॅडम. जावा शिकवता ना तुमी?"

"शिकवते. सुरुवातीपासून यावं लागेल."

"मी सुरुवातीपासूनच यायलोय की."

पुढच्या बाकावरची सायली खुसकन हसली. बारावी नुकतीच झालेली, आणि क्लासमध्ये कोण कुणाकडे बघतं याची पक्की नोंद ठेवणारी. मी फळ्याकडे वळले. खडू दोनदा हातातून निसटला… खडूच तसले होते.

बंकट हुशार होता, पण त्याची हुशारी घाईची होती. तिसऱ्या आठवड्यात त्याने मेंढीचा क्लास लिहून आणला. मी शिकवलंच होतं, क्लास म्हणजे नमुना, आणि त्या नमुन्यावरून तयार होणारा एकेक ऑब्जेक्ट म्हणजे एकेक मेंढी. प्रत्येकीचा रंग आपला, वय आपलं, कानाचा बिल्ला आपला. त्याने त्यातच आणखी एक खाना केला होता — 'एकूण'. मेंढी जन्मली की एकूणमध्ये एक मिळवायचा. अठ्ठ्याण्णव मेंढ्या तयार करून त्याने अभिमानाने प्रोग्रॅम चालवला.

पडद्यावर ओळीने आलं : एकूण १. एकूण १. एकूण १…

"असं कावून?" तो पडद्याला नाक लावून म्हणाला. "ह्याला बेरीज येत न्हाई का काय?"

"बेरीज येते. तुम्ही प्रत्येक मेंढीच्या गळ्यात वेगळी पिशवी बांधलीत. प्रत्येकीने आपल्या पिशवीत आपला एक चिंचोका टाकला, आणि…"

"आणि अठ्ठ्याण्णव मेंढरं," तो हळू म्हणाला, "आणि परत्येकीला वाटतंय, जगात आपण एकलीच."

मला हसू फुटलं. चांगलं मोठं. फेब्रुवारीनंतर मी तशी हसले नव्हते, आणि हे त्याला कळलं असावं, कारण तो हसला नाही. नुसता बघत राहिला.

"मॅडम, उपाय सांगा," सायली म्हणाली. "नाहीतर हे आज इथंच ऱ्हातेत."

मी फळ्यावर 'एकूण'च्या आधी एक शब्द लिहिला — स्टॅटिक. "हा शब्द लावला की ती गोष्ट एकेका ऑब्जेक्टची राहत नाही, सगळ्या क्लासची होते. पिशवी एकच. कुठल्याही मेंढीकडून बघा, तीच दिसेल. म्हणून ती मेंढीच्या नावाने विचारायचीच नाही, क्लासच्या नावाने विचारायची. एकही मेंढी जन्मली नसली तरी पिशवी खुंटीवर असतेच. रिकामी, पण असते."

"आन् एखादी मेंढी गेली तर?" सायलीने विचारलं.

"तर तिचा रंग, वय, बिल्ला… सगळं तिच्याबरोबर जातं." मी खडू खाली ठेवला. "पिशवी राहते."

खिडकीतून खालच्या दुकानातला बियाण्यांचा कोरडा वास येत होता. मी फळा पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर फार नव्हतं.

मागून बंकटचा आवाज आला, अगदी साधा. "मॅडम, पण स्टॅटिक हाय म्हणून आकडा आपोआप तर वाढत नसंल?"

"नाही. मेंढी जन्मते त्या जागी कुणीतरी तेवढी एक ओळ लिहावी लागते."

"आन् ती ओळ लिहायचीच राहिली तर?"

"मेंढी जन्मते. आकडा तसाच राहतो."

मी मुलांना शिकवत होते, हे लक्षात ठेवा.

*

जून लागला. दोन-तीन पाऊस होऊन गेले, धरणाच्या कडेने पोपटी गवत फुटलं. लस मात्र यंदा उशिरा येत होती. बंकट रोज क्लासला येत होता, आणि क्लास सुटल्यावर त्याची गाडी रोज सुरू व्हायची नाही. नेमकी मी जिना उतरेपर्यंत.

"सर्व्हिसिंग करा एकदा," मी म्हणायची.

"केलं की. लई मनावर घेती ती. तुमी आल्याबिगर उठत न्हाई."

"गाडी?"

"गाडीच. दुसरं कोण?"

एक दिवस त्याने रुमालात बांधून जांभळं आणली. जिन्यातच उभं राहून आम्ही ती खाल्ली. त्याचं घर गेवराईकडचं, गोदाकाठचं. त्यांच्या रानात दर उन्हाळ्यात खतासाठी मेंढरं बसायची. लहानपणी तो मेंढरं गेली की दुसऱ्या दिवशी रिकाम्या रानात जाऊन बसायचा, असं त्याने सांगितलं. "घरचे म्हणायचे, ह्या पोराचं काय हारवलंय?" माझ्याकडे बघून तो म्हणाला, "तुमची जीभ निळी झाली."

"तुमचीसुद्धा."

"मग आता दोघांचीबी चोरी सापडणार."

आणि सापडलीच. सायलीने वर्गात नुसतं "जांभळाचा सीझन बरा दिसतोय यंदा" असं म्हटलं, आणि बंकटने त्या दिवशी वीस ओळींत सहा चुका केल्या. त्यातली एक अशी होती की प्रोग्रॅम चालेचना, पडदा लालभडक. त्याने एका स्टॅटिक मेथडमध्ये, म्हणजे सगळ्या क्लासचं मिळून काम करणाऱ्या तुकड्यात, मेंढीचा रंग विचारला होता.

"स्टॅटिकला एकेकीचं काही माहीत नसतं," मी सांगितलं. "पिशवीला विचाराल, कळपात किती, तर सांगेल. 'लंगडतंय कोण?' म्हणून विचारलं तर ती विचारणार, कुणाबद्दल बोलताय? आधी मेंढीचं नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय मनातलं कळत नाही."

"मेंढीच्या?"

"मेंढीच्याच. दुसऱ्या कुणाच्या?"

सायलीने वहीत तोंड लपवलं.

घरी मात्र हसणं नव्हतं. माझी आई बायडाबाई कधी कुठला आकडा मोठ्याने उच्चारत नाही. भाकरी किती केल्या विचारलं तरी "हायत बास" म्हणते. आबा गेल्यापासून ती आणखी कमी बोलायची. पण लसीची तारीख कळली त्या संध्याकाळी तिने चुलीपुढे बसल्या बसल्या सांगून टाकलं.

"ज्याची मेंढरं, त्यानंच पिशवीत हात घालायचा. माझा न्हाई चालत, सटवाचा न्हाई चालत. बापामागं तू एकली हायस. तुझ्यानं व्हत नसंल तर लस टोचून झाली की मेंढरं सटवाच्यात घालू. त्याचा निळा पट्टा लागंल पाठीवर, आन् संपलं."

आमच्या मेंढरांच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या बाजूला, गेरूचा ठिपका असतो. आबा तो अंगठ्याने लावायचे. एकेका मेंढीला, काहीतरी पुटपुटत.

"घालते हात," मी म्हणाले.

"कवा?"

मी चुलीत लाकूड सरकवलं. तिने पुन्हा विचारलं नाही. खुंटीकडे आम्ही दोघींनीही बघितलं नाही.

*

लसीच्या दिवशी आभाळ उतरून आलं होतं, पण पडत नव्हतं. वस्तीमागच्या रानात वाघर लावलेलं होतं, म्हणजे आमचं जाळीचं कुंपण. सटवाकाका एकेक मेंढरू पुढे सरकवायचे, मी धरायची, बंकट मांडीच्या आतल्या बाजूला सुई टोचून सोडून द्यायचा. बोलायला वेळ नव्हता. पण मेंढरू धरताना हाताला हात लागायचा, आणि दर वेळी तो "माफ करा" म्हणायचा. तिसाव्या मेंढरानंतर त्याने माफी मागणं बंद केलं.

मोठी मेंढरं झाली. मग कोकरं. एक झालं, दुसरं झालं. बंकटने बाटली उलटी करून हलवली.

"संपली," तो म्हणाला. मग जाळीच्या आत त्याची नजर गेली. आत कोकरं शिल्लक होती. बरीच. त्याने बोट उचललं नाही, पण मला दिसलं, त्याचे डोळे मोजत होते.

"मॅडम… तुमी अठ्ठ्याण्णव म्हणलात."

मी धरलेलं कोकरू सोडून दिलं.

"तिनं बापाचा आकडा सांगितला तुला," आई म्हणाली. ती जाळीला टेकून उभी होती. आवाजात राग नव्हता, हेच फार झालं.

सटवाकाकांनी काठी जमिनीत रोवली. "वयनी, मी म्हणलं न्हवतं? ज्या कळपाची पिशवी हालंना, ती मेंढरं दुसऱ्याच्या कळपात घालावी. ही पोर कंपूटर शिकवती, हिच्या हातनं न्हाई व्हायचं. कोवळं गवत हाय, हा रोग आधी कोकरालाच धरतो. आज मरतील का उद्या, काय सांगावं?"

त्यांचं काहीच खोटं नव्हतं. म्हणून मी म्हणाले, "चूक माझी आहे. अकरा जन्मली आणि मी एकही टाकला नाही." एवढंच. पण फेब्रुवारीपासून पहिल्यांदा ते वाक्य तोंडाबाहेर आलं.

बंकट पेटी बांधायला लागला होता. त्याच्या चेहऱ्यावर चिडल्याची खूण नव्हती. "दवाखान्यात शिल्लक हाय एक बाटली. जाऊन येऊन तासाभराचं काम. कोकरं तोवर गवतावर सोडू नका." गाडीला किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली. मग माझ्याजवळ थांबून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "ओळ लिहायची राहिली होती ना? मग लिहा आता. मी यीपर्यंत आकडा बरोबर असू द्या, मॅडम."

आणि तो गेला. पाठ चांगली ताठ होती त्याची. मला माझीही ताठ करावीशी वाटली.

मी घरात गेले. पिशवी खुंटीवरून काढली. वजन होतं तिला, ते मी विसरले होते. जुन्या सदऱ्याचं कापड, तोंडाला लोकरीची दोरी. आईच्या डब्यातून, फोडलेल्या चिंचेतले, अकरा चिंचोके निवडून घेतले. अंगणात येऊन जाळीसमोर बसले. हात आत घातला… आतले चिंचोके गार होते, आणि गुळगुळीत. इतक्या वर्षांच्या बोटांनी गुळगुळीत झालेले. काही वेळ मी हात तिथेच ठेवला. कुणी घाई केली नाही.

मग एकेक टाकला. कपाळावर चांद असलेलीचा. एक कान पांढरा असलेल्याचा. आबांच्या दहाव्या दिवशी जन्मली तिचा. आईशिवाय वाढलेल्याचा, ज्याला माझी आई बाटलीने दूध पाजते आणि कबूल करत नाही… अकरावा टाकून मी दोरी ओढली, गाठ मारली, आणि उभी राहिले.

"काका," मी म्हणाले, "उद्या गेरू कालवून ठेवा. अकरा जणांना ठिपका लावायचाय. मी लावणार आहे."

सटवाकाकांनी आधी पिशवीकडे बघितलं. मग काठी उपटली. "कालवतो. पर पातळ न्हाई करायचा, सांगून ठिवतो. दादा घट्ट कालवायचा."

*

बंकट पन्नास मिनिटांत आला. भुरभुर सुरू झाली होती. पापण्यांवर, केसांवर बारीक थेंब. मी रस्त्याच्या कडेला चिंचेखाली उभी होते, पिशवी हातात.

"किती?" त्याने गाडीवरूनच विचारलं.

"एकशे नऊ."

त्याने मान हलवली. गाडी बंद केली. उतरला नाही. हँडलवरचं पाणी बोटाने पुसत राहिला.

"मॅडम, एक सांगायचं होतं. म्हणजे… कसं असतं, माणसाला एखाद्या जागी सारखं यावं वाटतं. कुणालाबी वाटू शकतं ते. मग माणूस काम काढतं, क्लास लावतं, गाडी चांगली असून बंद पाडतं… असं व्हतं माणसाचं…"

"बंकटराव."

"जी?"

"स्टॅटिकमधून बोलू नका. माणसाचं म्हणजे कुणाचं? नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय चालत नाही, शिकवलंय मी."

तो थांबला. खाली बघितलं, मग माझ्याकडे, अगदी त्या पहिल्या दिवसासारखं. पण या वेळी नजर हलवली नाही.

"बंकटचं," तो म्हणाला. "बंकटला धनश्री आवडती. एप्रिलपासून. अठ्ठाविसाव्या मेंढरापासून."

चिंचेच्या पानांवरून एक मोठा थेंब माझ्या मनगटावर पडला. पिशवी मी दुसऱ्या हातात घेतली.

"आता चाललं," मी म्हणाले. "एकही चूक नाही."

"उत्तर कुठं छापून येतं पर?"

"धनश्रीलाही आवडतो. बंकट. जांभळांच्या आधीपासून." मी पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली. "घरी विचारायला कधी येता?"

"आत्ता घरीच आलोय की!"

"आत्ता लस घेऊन आलाय. तसं नाही. नीट. केस विंचरून."

तो असा हसला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तेवढ्यात जाळीपासून आईची हाक आली. गेल्या चार महिन्यांत तिचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता.

"आरं ए बंकट! लस टोचतूस का तितंच बोलत बसतूस? नऊ कोकरं कवाची खोळंबल्यात!"

आम्ही दोघंही जागच्या जागी थबकलो. जन्मात भाकरी न मोजलेल्या बाईने, भर रानात, जित्या कोकरांकडे बोट करून आकडा उच्चारला होता. सटवाकाकांनीसुद्धा वळून बघितलं.

बंकट माझ्या कानाशी वाकला. "त्यांना म्हणा की… मोजू नका."

मी म्हणाले नाही.